पोळं पाळताय? मग नियमही पाळा!

टेरेस गार्डननंतर आता टेरेसवर मधमाश्या! आयडिया एकदम हटके. पण पेटी गच्चीवर चढवण्याआधी एवढं वाचाच...

सध्या ऑफिसात मी 'मधमाशीवाली' म्हणून फेमस आहे. लिफ्टमध्ये, कॅन्टीनमध्ये, अगदी अप्रेझलची मीटिंग संपवून बाहेर पडतानासुद्धा लोक मला थांबवतात. प्रश्न ठरलेले. पेटी कुठे मिळते? चावतात का गं? आणि मध किती निघतो? गेल्या तीन वर्षांत निदान पन्नास जणांनी हे तीन प्रश्न विचारले असतील. चौथा प्रश्न मात्र आजवर एकानेही विचारलेला नाही. तो म्हणजे, त्या आजारी पडल्या तर तू काय करतेस?

हा लेख त्या चौथ्या प्रश्नाबद्दल आहे.

फंडा साधा आहे. कुंडीतली तुळस सुकली तर तुमचीच तुळस सुकते, शेजाऱ्याची नाही. पेटीचं तसं नसतं. माझ्या कोथरूडच्या गच्चीवरच्या माश्या एक-दीड किलोमीटरच्या टप्प्यात बिनधास्त हिंडतात. त्या टप्प्यात दोन शाळा आहेत, एक हॉस्पिटल, चार-पाच बागा, आणखी दोघांच्या मधपेट्या आणि झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या कितीतरी माश्या. माझ्या पेटीत जे काही होईल ते या सगळ्यांपर्यंत पोचू शकतं. थोडक्यात, मधमाशी हे हॉबीचं सामान नाही, ते पशुधन आहे. गाय पाळणाऱ्या माणसाला कळतं ते सगळं इथेही कळावं लागतं... फक्त ही गाय दोरीला बांधता येत नाही!

माशी कुठली?

आपल्याकडे मधमाश्या मुख्यतः पाच प्रकारच्या. उंच इमारतींना आणि पाण्याच्या टाक्यांना भलंमोठं एकच पोळं लोंबकळतं ती आग्या. ती पेटीत राहत नाही, तिच्या वाटेला जायचं नाही. बाल्कनीतल्या झुडपाला तळहाताएवढं पोळं करते ती फुलोरी, तीही पेटीत राहत नाही. भिंतीच्या फटीत राहणारी, डंख न मारणारी इवलीशी पोयाची माशी. अंधाऱ्या ढोलीत एकाला एक समांतर पोळी बांधणारी सातेरी. आणि पाचवी पाहुणी, युरोपियन मेलिफेरा. ती भारतात नीट रुजली १९६०च्या दशकात, आत्ताच्या हिमाचलमधल्या नगरोटा इथे. मोहरी-सूर्यफुलाच्या शेतांमागे ट्रकमधून शेकडो पेट्या फिरवणारे मधपाळ हिच्यावरच धंदा करतात, कारण ती सातेरीच्या कितीतरी पट मध देते.

मग शहरात मेलिफेराच का नको? तिचं पोट मोठं. तिला फुलांचा भरपूर आणि सलग पुरवठा लागतो, आणि तो पुण्याच्या गच्चीवर कुठून आणणार? शिवाय व्हरोआ नावाच्या कोळीकिडीने ती हैराण होते. या किडीचं मूळ घर म्हणजे सातेरीचं पोळं. हजारो वर्षांच्या शेजारातून सातेरी तिच्याशी जमवून घ्यायला शिकली. ती अंगावरची कीड साफ करते आणि कीड बहुतेक करून नर माश्यांच्या कोषातच वाढते. मेलिफेराला ही विद्या अवगत नाही, त्यामुळे तिच्या पेट्यांना सतत उपचार लागतात. गच्चीवाल्यांनी सातेरीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. थोडी लाजरी, थोडी रुसकी, मध कमी... पण इथली आहे.

वसाहत आणायची ती जवळच्या, माहितीतल्या मधपाळाकडून. पैसे देण्याआधी चौकटी उचलून पिलावा बघायचा. पिलावा म्हणजे पोळ्यातली अंडी, अळ्या आणि कोष. दोनशे किलोमीटरवरून 'ऑफर'मध्ये मागवलेली पेटी काय काय घेऊन येते ते कुणीच सांगू शकत नाही. आणि झाडाची ढोली फोडून वसाहत काढणाऱ्यांकडून तर अजिबात घ्यायची नाही.

दारच सगळं सांगतं

मी शिकले ती गणेशखिंड रोडवर. केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था १९६२पासून पुण्यात आहे, आणि गंमत म्हणजे रोज तिच्यावरून बाइक दामटणाऱ्या निम्म्या पुण्याला ती ठाऊक नाही. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या या संस्थेत प्रशिक्षण मिळतं. यूट्यूब बघून पेटी आणणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती, आधी इथे जा. व्हिडिओत माश्यांचा आवाज ऐकू येतो, वास येत नाही. आणि आजारी पोळं पुष्कळदा आधी वासावरून कळतं. आंबूस, कुबट.

दुसरी शाळा मांघरची. महाबळेश्वरजवळचं हे गाव २०२२मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. जांभूळ, हिरडा, गेळा आणि बऱ्याच वर्षांतून एकदाच फुलणारी कारवी, असा सगळा थाट तिथे जंगलातच आहे. बहुतेक घरांत मधपेट्या. तिथल्या एका मामांनी माझा सगळा सरंजाम बघितला... जाळीची टोपी, हातमोजे, नवाकोरा स्मोकर... आणि म्हणाले, "पोरी, पेटी सारखी सारखी उघडू नगंस. दाराशी बस. दारच समदं सांगतंय."

खरं आहे ते. आता रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी पेटीच्या बाजूला दहा मिनिटं बसते. पायांवर परागाच्या पिवळ्या-केशरी गोळ्या घेऊन माश्या आत जात असतील तर राणी अंडी घालतेय, आत खाणारी तोंडं आहेत. परागच येत नसेल तर काहीतरी बिनसलंय. दारात झटापट सुरू असेल तर दुसऱ्या पोळ्याच्या माश्या मध लुटायला आल्यात. तळपाटावर मेणाचा भुगा आणि जाळी दिसली तर मेणकिडा शिरलाय. वेडा राघू तारेवर बसून एकेक माशी टिपत असतो, त्याला माझा इलाज नाही, त्याचंही पोट आहे. गांधीलमाशी मात्र मी हाकलते. आणि दाराबाहेर मेलेल्या अळ्या टाकलेल्या दिसल्या, तर मग पेटी उघडायचीच, त्याच दिवशी.

एरवी दोन आठवड्यांतून एकदा पुरे. ऊन चढल्यावर, वारा आणि पाऊस नसताना, दहा-पंधरा मिनिटांत आटपायचं. दर रविवारी मित्रमंडळींना जमवून 'राणी दाखवते या' असा शो केला तर सातेरी रागावत नाही, ती सरळ बिऱ्हाड हलवते. सकाळी बघावं तर पेटी रिकामी!

पुण्यात खरी परीक्षा पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर फुलं कमी, त्यातला मकरंद पावसाने धुतलेला, माश्या घरात कोंडलेल्या. साठा संपला की वसाहत उपाशी मरते किंवा उडून जाते. या दिवसांत साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पाक द्यायचा, तोही संध्याकाळी आणि एक थेंबही बाहेर न सांडता, नाहीतर लुटारूंना आमंत्रण. मुंग्यांसाठी स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. पाकाऐवजी बाजारातला मध देण्याचं फॅड मी बघितलंय. ते टाळाच. त्या मधातून कुठल्या पोळ्याचे कसले जंतू येतील काय सांगावं?

ज्याला औषध नाही

आता तो चौथा प्रश्न.

सातेरीचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे थाई सॅकब्रूड. हा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला थायलंडमध्ये, १९७६ साली. १९९१-९२मध्ये तो दक्षिण भारतात पसरला आणि केरळ, तमिळनाडू, कर्नाटकातल्या सातेरीच्या पेट्या पटापट ओस पडल्या. मध विकून घर चालवणाऱ्या हजारो कुटुंबांच्या अंगणात रिकामी खोकी उरली. माणसाला या विषाणूचा काहीच धोका नाही, मध खाल्ल्याने काही होत नाही. मरतात त्या अळ्या. निरोगी अळी मोत्यासारखी पांढरी, घरट्याच्या तळाशी वेटोळं करून पडलेली. आजारी अळी लांबट होते, डोक्याकडून वर उचलली जाते, आणि चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अलगद हातात येते. पुढे ती वाळून काळी पडते, छोट्या होडीसारखी दिसते. नवी पिढीच जन्मत नाही, आणि कामकरी माशी कामाच्या हंगामात जेमतेम दीड महिना जगते. हिशेब तुम्हीच करा.

यावर औषध नाही. करता येतं ते एवढंच, की राणीला काही दिवस छोट्या पिंजऱ्यात ठेवून अंडी घालणं थांबवायचं, रोगट पोळी काढून नष्ट करायची, वसाहत आवळून खाऊ-पिऊ घालायची, जमलं तर राणी बदलायची. अळ्याच नसतील तर विषाणूला वाढायला जागा मिळत नाही, हे त्यामागचं लॉजिक.

आमच्या भागात आम्ही तिघं मधपेट्या ठेवतो. मी, एक बँकवाला आणि एक आर्किटेक्ट. आमचा ग्रुप आहे, त्यावर एरवी फालतू जोक्स चालतात. दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, रात्री साडेअकराला आर्किटेक्टने एक फोटो टाकला. चौकटीवर पंधरा-वीस अळ्या, सगळ्या मान वर करून पडलेल्या. खाली एकच ओळ... 'सॅकब्रूड वाटतोय, माझ्याकडून कुणी काही नेऊ नका.'

त्याच आठवड्यात बँकवाला त्याच्याकडून पिलाव्याची एक चौकट नेणार होता. कमकुवत पोळ्याला बळ द्यायला आपण असं सर्रास करतो. ती चौकट गेली असती तर सोबत विषाणूही गेला असता. आम्ही तिघांनी देवाणघेवाण बंद केली, हत्यारंसुद्धा आपापली वेगळी ठेवली, धुऊन, जाळावर धरून. त्याने राणी पिंजऱ्यात घातली, चार पोळी काढून जाळली. महिनाभर तो ऑफिसला निघण्याआधी पेटीपाशी बसायचा. वसाहत आठ चौकटींवरून तीनवर आली, आणि नोव्हेंबरात एका सकाळी पेटीत मूठभर माश्या उरल्या होत्या, राणी नव्हती. माझ्या आणि बँकवाल्याच्या पेट्या वाचल्या.

तो फोटो टाकण्याची त्याच्यावर कुणाची सक्ती नव्हती. गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. न्यूझीलंडमध्ये प्रत्येक मधपाळाला पेट्या कुठे आहेत त्याची नोंदणी करावीच लागते, आणि अमेरिकन फाउलब्रूड हा रोग सापडला की कळवणं बंधनकारक आहे. ब्रिटनमध्येही फाउलब्रूड दडवता येत नाही. गच्चीवर एक पेटी ठेवणाऱ्या आपल्यासारख्याला असं कुणी दारात येऊन विचारत नाही. त्यामुळे इथे शेजारच्या मधपाळाला फोन करणं हाच कायदा समजायचा.

आणि हो, अँटिबायोटिक्स. युरोपियन फाउलब्रूड हा जिवाणूंचा रोग भारतात सातेरीवर पहिल्यांदा नोंदला गेला तो आपल्या महाबळेश्वरलाच, १९७१मध्ये. जिवाणूंना औषध असतं, म्हणून काही जण 'प्रिकॉशन' म्हणून पाकात गोळ्या मिसळतात. हे निव्वळ अडाणीपणाचं आहे. औषधाचे अंश मधात उतरतात. भारतीय मधाची आयात युरोपियन युनियनने २०१०मध्ये थांबवली होती, त्यात हे अंश आणि त्यांच्यावरची ढिली देखरेख हे मोठं कारण होतं. पुढच्या वर्षी ती बंदी उठली, पण निर्यातदारांना फटका बसायचा तो बसलाच. शंका आली तर चौकटीचे फोटो काढा आणि थेट संशोधन संस्थेला विचारा. मेडिकलवाल्याला नको.

सोसायटीची मीटिंग

शहरात माश्यांपेक्षा माणसं सांभाळणं अवघड! गच्ची सगळ्यांच्या मालकीची, त्यामुळे सोसायटीची लेखी परवानगी आधी. आमच्याकडे हा विषय पार्किंगच्या आणि लिफ्टच्या भांडणानंतर, रात्री पावणेअकराला निघाला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा प्रश्न सगळ्यात मुद्द्याचा होता, "आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ते पिवळे ठिपके पडतात ते हिच्याच माश्यांचे का?" हो, काकू. माश्या उडता उडता पोट साफ करतात. म्हणून पेटीचं दार वाळवणाच्या दोऱ्यांकडे आणि जिन्याकडे नको, समोर उंच जाळी किंवा वेल असावा म्हणजे माश्या वर उडून जातात. पसरट भांड्यात खडे घालून रोज पाणी ठेवायचं, नाहीतर त्या लोकांच्या एसीच्या पाइपवर आणि नळांवर गर्दी करतात. रात्री पेटीजवळ दिवा नको. डासांची फवारणी कधी आहे ते आधी विचारून घ्यायचं. आणि बिल्डिंगमध्ये कुणाला डंखाची ॲलर्जी आहे का, हे दारोदार जाऊन विचारायचं. एखाद्याला एका डंखाने श्वास लागू शकतो, चेहरा सुजू शकतो. अशा वेळी हळद-चुना करत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. आमच्याकडे अशी एक मुलगी निघाली. मी पेटी 'बी' विंगच्या गच्चीवर हलवली, तिच्या विंगपासून लांब.

सरकारी बाजू सांगायची तर राष्ट्रीय मधमाशी मंडळाचं 'मधुक्रांती' पोर्टल २०२१मध्ये सुरू झालं. मधपाळांची नोंदणी आणि मध कुठून आला याचा माग, हा त्याचा उद्देश. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, त्यांच्या मधकेंद्र योजनेत प्रशिक्षण मिळतं आणि साहित्यावर निम्मं अनुदान. पण ते ज्यांना हा धंदा म्हणून करायचाय त्यांच्यासाठी, वीकेण्डवाल्या आपल्यासाठी नव्हे. मात्र एक बरणी जरी विकलीत तरी एफएसएसएआयचे नियम लागू होतात. नोंदणी हवी, लेबल हवं, आणि मधात पाणी वीस टक्क्यांहून जास्त चालत नाही.

मध किती निघतो?

बरं, विचारलंतच आहे तर... पहिल्या वर्षी शून्य. दुसऱ्या वर्षी दोन बरण्या. तिसऱ्या वर्षी साडेतीन किलो. मध घ्यायचा तो वरच्या मधकोठीतला, खालचं त्यांचं स्वयंपाकघर. चौकटीवरची निदान तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाली की तो पिकला. त्याआधी काढला तर पातळ राहतो आणि आंबतो. पोळं पिळायचं नाही, यंत्रात फिरवायचं. आणि मधकोठी चढवलेली असताना साखरेचा पाक द्यायचा नाही, कारण मग माश्या तोच पाक वर नेऊन भरतात. डिसेंबर २०२०मध्ये दिल्लीच्या सीएसई संस्थेने तपासलेल्या नामांकित ब्रँड्सच्या ७७ टक्के नमुन्यांत साखरेच्या पाकाची भेसळ सापडली होती. तेव्हा आपण सगळ्यांनी नाकं मुरडली. घरच्या घरी तेच करायचं का? (जाता जाता, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, कितीही शुद्ध असला तरी.)

पेटी न ठेवतासुद्धा हे सगळं करता येतं, हे मला हल्ली जास्त पटायला लागलंय. लंडनमध्ये गच्चीवरच्या पेट्यांची एवढी क्रेझ आली, की क्यू इथल्या शास्त्रज्ञांनी २०२०च्या अहवालात धोक्याची घंटा वाजवली. पेट्या वाढल्या, फुलं तेवढीच, आणि उपासमार झाली रानमाश्यांची. पुण्यात एका गल्लीत पाच पेट्या आल्या तर वेगळं काय होणार? बाल्कनीत शेवगा नाही मावत, पण तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या थांबवता येतात, कढीपत्ता फुलू देता येतो.

यंदा जानेवारीत आमच्या 'ए' विंगच्या सातव्या मजल्याला आग्याचं पोळं लागलं. सेक्रेटरींनी पेस्ट कंट्रोलला फोन करण्याआधी मला फोन केला, हीच माझी तीन वर्षांची कमाई. नोटीस लागली. त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा, रात्री बाल्कनीतले दिवे घालवा, खाली फटाके आणि धूर नको, मुलांनी दगड मारायचे नाहीत. चार महिने सगळ्यांनी कुरकुर करत का होईना पाळलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात, पावसाआधी, माश्या आपणहून निघून गेल्या. भिंतीवर एक मेणचट डाग तेवढा राहिलाय. सेक्रेटरी विचारतायत, पुढच्या वर्षी परत येतील का? शक्यता आहे, आग्या जुन्या जागी परत येते. मी त्यांना सांगितलंय, नोटिशीची कॉपी जपून ठेवा.